प्रौढ वयातील स्वमग्नता : तपासणी कशी होते?

स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित, बालपणापासूनची अवस्था होय. तरीही अनेकांना ‘तऱ्हेवाईक’, ‘एककल्ली’ अशी दूषणे सोसल्यानंतर प्रौढपणीच तिचा उलगडा होतो. निदानासाठी रक्तचाचणी वा स्कॅन नाही. तज्ज्ञ सविस्तर मुलाखतीतून संवाद, सवयी व संवेदना जाणून घेतात. बालपणीचा वृत्तांत महत्त्वाचा असल्याने आई किंवा थोरल्या भावंडास सोबत न्यावे. शालेय प्रगतिपुस्तकेही उपयोगी पडतात. खानदेशात जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील मनोविकार विभागात प्रथम चौकशी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. मात्र आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. निदानाने स्वभाव पालटत नाही. स्वतःला दोष देणे मात्र थांबू शकते.