जकातीकडून अनुदानाकडे : नांदेड व लातूर येथील नागरी अंदाजपत्रकाची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना :
स्थानिक स्वराज्य संस्थांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचा भर बहुधा निवडणुका, पक्षीय बलाबल आणि पदाधिकारी यांवर राहिला आहे. मराठवाड्यापुरते बोलायचे तर शंकरराव चव्हाण यांनी नांदेडचे आणि शिवराज पाटील यांनी लातूरचे नगराध्यक्षपद भूषविले व पुढे दोघेही केंद्रीय गृहमंत्री झाले, या गोष्टीचा उल्लेख वारंवार केला जातो. मात्र ज्या अंदाजपत्रकाच्या सभेत या संस्थांचे खरे सामर्थ्य आणि खरी मर्यादा दिसून येते, तिच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे दुर्लक्षच झाले आहे. नगरसंस्थेचे अंदाजपत्रक कोण तयार करतो, त्यावर चर्चा कोण करतो आणि त्यातील पैसा कोठून येतो, या तीन प्रश्नांच्या आधारे नांदेड व लातूर या दोन शहरांची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ही दोन्ही शहरे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. नांदेड हे जिल्ह्याचे ठिकाण, तर लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील व्यापारी गाव होते. १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वे लातूरपर्यंत आली आणि तेथील आडत बाजाराला बळ मिळाले. संस्थानी काळात कारभाराची भाषा उर्दू होती व नागरी समित्यांवर महसूल अधिकाऱ्यांचा वरचष्मा होता. करदात्यांच्या प्रतिनिधींनी खर्चाला मंजुरी द्यावी, हे तत्त्व या भागात मुंबई इलाख्याच्या मानाने बरेच उशिरा रुजले.

मुक्तीनंतर हैदराबाद राज्याने नागरी संस्थांसाठी नवे कायदे केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. तथापि येथील नगरपालिकांना १९५६ चा हैदराबाद जिल्हा नगरपालिका कायदाच लागू राहिला. महाराष्ट्राच्या सर्व विभागांसाठी एकच कायदा १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने आला. त्यामुळे मुख्याधिकाऱ्याने अंदाजपत्रक तयार करावे आणि निर्वाचित सभेने विशेष बैठकीत त्यावर निर्णय घ्यावा, अशी एकसारखी पद्धत सर्वत्र रूढ झाली.

२६ मार्च १९९७ रोजी नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका स्थापन झाली. लातूर १९८२ मध्ये जिल्ह्याचे ठिकाण झाले, पण तेथे महानगरपालिका येण्यास २५ ऑक्टोबर २०११ हा दिवस उजाडावा लागला. चौदा वर्षांचे हे अंतर तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

अंदाजपत्रकाची प्रक्रिया :
महानगरपालिकेचे अंदाजपत्रक १९४९ च्या अधिनियमानुसार तीन टप्प्यांतून जाते. प्रथम विभागप्रमुखांकडून मागण्या मागवून आयुक्त जमा-खर्चाचे अंदाज तयार करतात व स्थायी समितीपुढे ठेवतात. स्थायी समिती त्यात फेरबदल करून आपले अंदाजपत्रक बनविते आणि सभापती ते सर्वसाधारण सभेस सादर करतात. पुढील वर्षाच्या करांचे दर सभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत आणि अंदाजपत्रक ३१ मार्चपूर्वी मंजूर करावे, असे बंधन आहे.

या क्रमामागे एक विचार आहे. आधी कराचा दर, मग खर्चाची तरतूद. म्हणजे खर्च मागणाऱ्याने प्रथम कर लावण्याचे धैर्य दाखविले पाहिजे. प्रत्यक्षात मात्र उलटे घडते. करवाढीचा प्रस्ताव फेटाळला जातो आणि प्रभागातील कामांसाठी तरतुदी वाढविल्या जातात. अखेर शिल्लक दाखविणे आवश्यक असल्याने मालमत्ता कर व पाणीपट्टीच्या वसुलीचा अंदाज फुगविला जातो. अंदाजपत्रक कागदावर शिलकी राहते. पण ठेकेदारांची देयके थकतात व त्यांचे दायित्व पुढील वर्षावर जाते. म्हणून अभ्यासकाने मूळ अंदाजावर न थांबता, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष जमा हे रकाने शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. संस्थेचा खरा इतिहास या रकान्यांतील तफावतीत असतो.

जकातीचा अस्त :
जकात हा कर व्यापाऱ्यांना जाचक वाटे. नाक्यावरील खोळंबा आणि गैरप्रकार यांविषयीच्या तक्रारी निराधार नव्हत्या. तरीही रोजच्या रोज रोख रक्कम देणारे आणि शहराच्या व्यापाराबरोबर वाढणारे ते हक्काचे उत्पन्न होते. राज्य शासनाने १ मे १९९९ पासून नगरपरिषदांची जकात रद्द करून त्याऐवजी सहायक अनुदान सुरू केले. लातूरसारख्या मोठ्या बाजारपेठेच्या नगरपरिषदेला तेव्हापासून शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसावे लागले. नांदेड महानगरपालिका असल्याने तेथील जकात पुढेही चालू राहिली व २०१० मध्ये तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली.

दोन्ही शहरांच्या वाटा अखेर एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांना स्थानिक संस्था करातून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर तो कर संपुष्टात आला. त्याबदल्यात राज्याने कायद्याने भरपाई देऊ केली व तीत दरवर्षी आठ टक्के चक्रवाढ धरली. रक्कम नियमित मिळाली, तरी तिचा दर ठरविण्यात सभेचा काहीही वाटा उरला नाही.

योजना, आपत्ती आणि सभागृह :
२००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजनेत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर व नाशिक यांच्या पंक्तीत नांदेडचा समावेश झाला. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहराचे रूप पालटले. योजनेचा ८० टक्के भार केंद्राने, १० टक्के राज्याने व १० टक्के महापालिकेने उचलावयाचा होता. सोबत द्विनोंदी लेखापद्धती आणि शहरी गरिबांसाठी स्वतंत्र तरतूद यांसारख्या अटीही आल्या. लाभ निर्विवाद होता. परंतु कामांचा अग्रक्रम सभागृहाबाहेर ठरू लागला आणि उभारलेल्या सुविधांच्या देखभालीचा खर्च कायमचा महापालिकेच्या महसुली बाजूवर आला.

लातूरचा अनुभव वेगळा असला तरी बोध तोच आहे. मांजरा धरण कोरडे पडल्यावर १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोहोचली. ज्या रेल्वेमुळे हे गाव बाजारपेठ झाले, तिनेच शतकानंतर त्याला पाणी आणून दिले. हा निर्णय अर्थातच महापालिकेच्या आवाक्यातला नव्हता. पण पाणीपट्टी, गळती आणि वितरण यांवर वर्षानुवर्षे गंभीर चर्चा न झाल्यास शहर किती परावलंबी होते, याचे हे उदाहरण आहे.

मे २०२२ मध्ये लातूर आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नांदेड महापालिकेची मुदत संपली. निवडणुका लांबल्या. त्यामुळे २०२३, २०२४ व २०२५ या तीन वर्षी अंदाज सादर करणारा आणि त्यास मंजुरी देणारा अधिकारी एकच, म्हणजे प्रशासक होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने निर्वाचित सभागृहाला दिलेले स्थान या काळात रिकामेच राहिले. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या. परंतु तीन अंदाजपत्रकांवर न झालेली चर्चा भरून निघणारी नाही. इतिहासकाराला त्या वर्षांचे आकडे मिळतील, त्यांच्यामागचा वाद मिळणार नाही.

निष्कर्ष :
१) दोन्ही शहरांत स्वतःचे उत्पन्न जसजसे घटत गेले, तसतसे अंदाजपत्रकीय चर्चेचे वजनही घटले.
२) प्रशासकीय राजवट हे या घसरणीचे कारण नसून तिचा शेवटचा टप्पा होय. सभेचा निर्णयाधिकार आधीच आक्रसला असल्याने तिची अनुपस्थिती नागरिकांना फारशी जाणवली नाही.
३) मालमत्ता कर व पाणीपट्टी हीच आता सभेच्या हाती उरलेली प्रमुख साधने आहेत. त्यांचे दर व वसुली यांवर प्रामाणिक चर्चा झाल्याशिवाय नव्या सभागृहांना स्वायत्ततेचा दावा करता येणार नाही.
४) जुनी अंदाजपत्रके व सभांची इतिवृत्ते ही स्थानिक इतिहासाची अस्सल साधने आहेत. ती रद्दीत जाण्यापूर्वी त्यांच्या प्रती महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जतन करण्याचे काम इतिहास, अर्थशास्त्र व लोकप्रशासन विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावे.