नवजात बाळाची तसबीर : आधी भिंत, मग छायाचित्र

मराठी घरातील बैठकीची भिंत ही त्या कुटुंबाची वंशावळच असते. समोर कुलदैवत, त्याखाली हार घातलेले आजोबा-पणजोबा, बाजूस लग्नातील जोडप्याचे छायाचित्र आणि दाराजवळ दिनदर्शिका, अशी ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अलीकडे तीत एका नव्या तसबिरीची भर पडू लागली आहे. ती म्हणजे व्यावसायिक छायाचित्रकाराकडून मुद्दाम काढून घेतलेल्या नवजात बाळाच्या छायाचित्राची. मोठ्या शहरांत रुजलेली ही पद्धत मलकापूरसारख्या तालुक्याच्या गावांपर्यंतही येऊ लागली आहे. मात्र छायाचित्रे काढून घेताना जेवढी हौस असते, तेवढा विचार ती घरात कोठे व कशी लावावयाची याचा होत नाही. मग काही छायाचित्रे मोबाईलमध्येच राहून जातात, तर काही जिथे आधीचा खिळा असेल तिथे टांगली जाऊन चार-दोन उन्हाळ्यांत फिकी पडतात. बाळाचे ते पहिले दिवस पुन्हा येणारे नसतात. यास्तव आधी भिंत निश्चित करावी आणि मगच छायाचित्राची निवड करावी, हा क्रम हिताचा ठरतो.

भिंतीवरील बाळांची परंपरा

लहान मुलांचे चित्र भिंतीवर लावणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. श्रावण लागला की जिवतीचा कागद भिंतीवर लावून दर शुक्रवारी लेकरांच्या दीर्घायुष्यासाठी त्याची पूजा केली जाते. नृसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती अशी चित्रे या कागदावर असतात. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. या प्रेसमधील रंगीत चित्रांनी चौकटीतील तसबीर सामान्य घरांत नेली. यशोदा आणि बाळकृष्ण, तसेच जिजाऊ आणि बालशिवाजी यांची चित्रे तर घरोघरी पोहोचली. जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेडराजा हे बुलडाणा जिल्ह्यातच आहे.

छायाचित्रांच्या क्षेत्रात टोपल्या, फुले व रंगीत वस्त्रे यांच्या साहाय्याने तान्ह्या बाळांची चित्रे सजविण्याची शैली अॅन गेडिस यांच्या १९९६ च्या ‘डाऊन इन द गार्डन’ या पुस्तकामुळे जगभर लोकप्रिय झाली. भिंतीसाठी मात्र भाड्याच्या सजावटीपेक्षा घरच्या वस्तू अधिक शोभतात. आजीने शिवलेली गोधडी, कुंची, पायातील वाळे, घरातील जुना लाकडी पाळणा यांना वीस वर्षांनंतरही अर्थ उरतो. परदेशी पद्धतीत ही छायाचित्रे पहिल्या दोन आठवड्यांत काढतात. आपल्याकडे दहा दिवसांचे सोयर, बाराव्या दिवसाचे बारसे आणि बाळंतिणीचा सव्वा महिना पाळणारी घरे अनेक आहेत. अशा घरांनी छायाचित्रकारास बारशानंतर घरीच बोलाविणे सोयीचे होते.

घाटाखालची भिंत

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलडाणा जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग पडतात. बुलडाणा शहर घाटावर, तर मलकापूर घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात आहे. घाटाखालचा उन्हाळा कडक असतो आणि त्यापाठोपाठ येणारा पावसाळा दमट. तसबिरीस या दोन्ही ऋतूंपासून जपावे लागते.

सर्वाधिक तापणारी भिंत पश्चिमेची. दुपारनंतर तिच्यावर ऊन येते आणि ती रात्रीपर्यंत गरम राहते. पूर्वेच्या खिडकीतून येणारे सकाळचे ऊन जर समोरच्या भिंतीवर पडत असेल, तर तेथील रंगीत छायाचित्रही फिके होते. दुसरा धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही, तो कूलरचा. मार्चअखेरीपासून पाऊस लागेपर्यंत कूलर चालतो. त्याचा ओला झोत ज्या भिंतीवर थेट आदळतो, तेथील छायाचित्राचा कागद लाटेसारखा फुगतो आणि मागील पुठ्ठ्यास बुरशी धरते. तिसरा धोका ओलीचा. बाहेरच्या भिंतीत पावसाळ्यात ओल उतरते. पूर्णेच्या खोऱ्यात क्षारयुक्त जमिनीचा मोठा पट्टा असल्यामुळे जुन्या भिंतींना लोणाही लागतो. काळी जमीन पावसात फुगते व उन्हात आकसते. त्यामुळे भिंतींना तडे जातात. तड्यालगत खिळा ठोकू नये. ओलसर भिंतीवरील लाकडी चौकटीस वाळवी लागण्याचीही भीती असते.

परीक्षा सोपी आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारच्या सुमारास भिंतीस तळहात लावून पाहावा. ती हातास गरम लागल्यास सोडून द्यावी. पावसाळ्यात त्याच जागी रंगाचे पोपडे, पांढरे क्षार किंवा डाग दिसत नाहीत ना, हे पाहावे. दोन खोल्यांमधील आतली भिंत बहुधा या दोन्ही कसोट्यांस उतरते. तशी नसल्यास उत्तरेकडील कोरडी भिंत निवडावी. स्वयंपाकघरालगतची, धूर व फोडणीची वाफ पोहोचणारी जागा मात्र टाळावी.

आकार आणि माप

भिंत ठरली की आकार ठरविता येतो. सोफा किंवा दिवाणाच्या वर तसबीर लावावयाची असल्यास तिची, अथवा तसबिरींच्या समूहाची, एकूण रुंदी खालच्या आसनाच्या सुमारे दोन तृतीयांश असावी. आसनाची पाठ आणि चौकटीची खालची कड यांत सहा ते आठ इंच अंतर ठेवावे. एकाहून अधिक चौकटी असल्यास त्यांच्यामध्ये दोन ते तीन इंच जागा पुरते.

जन्मतः बाळाची लांबी सुमारे ५० सेंटीमीटर, म्हणजे २० इंचांच्या आसपास असते. त्यामुळे १२ बाय १८ इंचांच्या प्रतीत निजलेले बाळ जवळजवळ त्याच्या खऱ्या आकाराचे दिसते. पुढे मूल त्या तसबिरीशेजारी उभे राहिले की वाढीचे माप डोळ्यांसमोर येते. केवळ मूठ किंवा पाऊल टिपलेले छायाचित्र मात्र लहान चौकटीत खुलते. सात-आठ सेंटीमीटरचे पाऊल २० बाय ३० इंचांत छापल्यास त्याचे इवलेपणच हरवते.

भिंतीवर खिळा ठोकण्यापूर्वी वर्तमानपत्राचे कागद चौकटींच्या मापाने कापून चिकटपट्टीने भिंतीवर लावावेत आणि आठवडाभर तसेच ठेवावेत. दिवसा, रात्री, बसून आणि उभे राहून पाहिल्यावर माप चुकल्याचे आपोआप कळते. पुढील वाढदिवसांच्या छायाचित्रांसाठी शेजारी जागा राखणेही इष्ट. दुसऱ्या अपत्यासाठीही तेवढीच जागा उरेल, असा विचार आरंभीच करावा.

जवळून पाहावयाच्या छायाचित्रासाठी इंचास ३०० बिंदू हे प्रमाण मानले जाते. १२ बाय १८ इंचांच्या प्रतीस त्या हिशेबाने ३६०० बाय ५४०० बिंदू, म्हणजे सुमारे १९ मेगापिक्सेलची फाईल लागते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील पूर्ण चित्रातून १६ बाय २४ इंचांची प्रतही उत्तम निघते. व्हॉट्सअॅपवरून साधेपणाने पाठविलेले छायाचित्र मात्र आकसते. त्याची लांब बाजू १६०० बिंदूंच्या आसपास उरते आणि त्यातून पाच-सव्वापाच इंचांहून मोठी सुबक प्रत निघत नाही. यास्तव छायाचित्रकाराकडून मूळ आकाराच्या फाईली पेनड्राईव्हवर अथवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून घ्याव्यात.

कागद, काच आणि चौकट

लहान गावांत छायाचित्र एमडीएफच्या फळीवर चिकटवून त्यावर लॅमिनेशन करण्याची पद्धत बरीच रूढ आहे. ती स्वस्त व हलकी असून तीत काच फुटण्याचे भय नसते. परंतु चिकटविलेली प्रत पुन्हा सोडविता येत नाही आणि ओल लागल्यास एमडीएफ फुगते. कॅनव्हासवरील छपाई देखणी दिसते, पण तिच्या पोतात धूळ बसते व ती पुसणे अवघड जाते. मुख्य तसबिरीसाठी मॅट किंवा लस्टर कागदावरील प्रत, तिच्याभोवती आम्लरहित माउंट, वर काच आणि मागे बंद पाठ ही जुनी रचनाच अधिक टिकाऊ ठरते. माउंट हा केवळ शोभेचा भाग नाही. त्यामुळे छायाचित्र आणि काच यांत फट राहते. ही फट नसेल, तर दमट हवेत छायाचित्र काचेस चिकटते आणि सोडविताना फाटते. चौकटीची पाठ कागदी टेपने बंद करावी. त्यामुळे धूळ व कसर आत शिरत नाही. खालच्या दोन्ही कोपऱ्यांस मागून रबराचे लहान तुकडे लावल्यास चौकट भिंतीपासून सुटी राहते व मागे हवा खेळते. इंकजेट छपाई असल्यास रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंट शाई आहे का, हे विचारावे. ती साध्या डाय शाईपेक्षा प्रकाशास अधिक काळ तोंड देते.

उंची व सुरक्षितता

जुन्या वाड्यांत तसबिरी छताजवळ, पुढे झुकवून टांगलेल्या असत. त्यांच्यामागे चिमण्या घरटी करीत. आजच्या घरांत तसबिरीचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवण्याचा संग्रहालयांतील संकेत उपयोगी पडतो. जेथे मंडळी प्रामुख्याने खाली गादीवर बसतात, त्या खोलीत तो आणखी काही इंच खाली आणावा.

पाळणा, झोळी किंवा बाळाच्या बिछान्यावर काचेची तसबीर कधीही लावू नये. पाळण्याचा झोका जेथवर जातो, त्या टप्प्याबाहेरच भिंतीवरील वस्तू असाव्यात. तीन मिलीमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला साडेसात किलो भरते. १८ बाय २४ इंचांच्या चौकटीत केवळ काचच दोन किलोंहून अधिक होते. त्याच जाडीच्या अॅक्रिलिकचे वजन निम्म्याहूनही कमी असते आणि ते काचेसारखे चुरा होऊन सांडत नाही. बाळाच्या खोलीत तेच योग्य. जड चौकट एका खिळ्यावर न टांगता ड्रिलने भोक पाडून, प्लगमध्ये बसविलेल्या दोन स्क्रूंवर टांगावी.

भिंतीवर कोण दिसते?

बैठकीतील मुख्य भिंतीवर कोणाची तसबीर लागते, यावरून घरात कोणाला किती स्थान आहे हेही कळते. रविवर्मा प्रेसमधून सर्वप्रथम छापले गेलेले चित्र ‘शकुंतलाजन्म’ हे होते. त्यात मेनका तान्ही मुलगी पुढे धरते आहे आणि विश्वामित्र तोंड फिरवितो आहे. बुलडाणा जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण ८५५ वर आले. अशा जिल्ह्यात मुलीच्या जन्माची तसबीर बैठकीच्या दर्शनी भिंतीवर सन्मानाने लागणे ही साधी सजावट उरत नाही. मुलाची तसबीर मोठी व बहिणीची आतल्या खोलीत, असा भेद मुलांच्या नजरेतून सुटत नाही. दोघांच्या चौकटी एकाच मापाच्या असाव्यात.

या छायाचित्रांत हटकून वगळली जाते ती आई. बाळंतपणाने थकलेली आई स्वतःच नको म्हणते आणि घरचेही आग्रह धरीत नाहीत. निदान एका चौकटीत आई-बाबांचे हात, किंवा बाळास मांडीवर घेतलेली आई असावी. मुलाला मोठेपणी तीच तसबीर अधिक मोलाची वाटेल. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. त्यामुळे त्या घरासाठीही एक लहान चौकट करणे उचित. तेथील प्रत हीच मूळ प्रतीची राखणही होते.

हक्क आणि जतन

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला प्रताधिकार, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे असतो. म्हणून छापील अटींवर सही करण्यापूर्वी त्या वाचाव्यात. बाळाचे छायाचित्र दुकानाच्या दर्शनी काचेत अथवा समाजमाध्यमांवर लावण्यास संमती आहे की नाही, हे लेखी नोंदवावे. मूळ फाईली किमान दोन ठिकाणी, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. चौकटीच्या पाठीमागे बाळाचे नाव, जन्मतारीख, गाव आणि छायाचित्र काढल्याचा दिवस पेन्सिलीने लिहून ठेवावा. अनेक घरांत जुन्या तसबिरी आहेत, पण त्यांतील बाळ कोण, हे सांगणारे माणूस उरलेले नाही.

वर्षातून दोनदा, उन्हाळा सुरू होण्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत, तसबीर उतरवून मागची बाजू पाहावी. काच पुसताना पाणी थेट तीवर न शिंपडता फडक्यावर घ्यावे, अन्यथा ते चौकटीच्या कडेने आत उतरते. एवढी काळजी घेतल्यास बारशानंतर लावलेली तसबीर त्या मुलाच्या लग्नाच्या वेळीही त्याच भिंतीवर असेल.