जुन्या अरण्याचा जमाखर्च

अरण्य वृद्ध झाले म्हणजे ते जेवढा कार्बन हवेतून घेते तेवढाच श्वसनात व कुजण्यात परत करते, असे आपण पुष्कळ काळ मानीत आलो. युजीन ओडम यांनी १९६९ साली हाच विचार मांडला. त्यातून एक सोयीचा युक्तिवाद निघाला : म्हातारी झाडे तोडा, तरुण लावा, हवा सुधारेल.

हार्मन, फेरेल व फ्रँकलिन यांनी १९९० साली त्याचा हिशेब तपासला. तोडीने साठा एवढा घटतो की, तो पूर्ववत होण्यास निदान दोनशे वर्षे लागतात, असे त्यांना आढळले.

पुढे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात विंड रिव्हर येथे, सुमारे पाचशे वर्षांच्या डग्लस फर वृक्षांमध्ये, १९९५ साली उंच यारी उभारण्यात आली. तिच्यावर यंत्रे बसवून, वाऱ्याच्या झुळुकांबरोबर किती कार्बन वर जातो व किती खाली येतो, हे मोजले गेले. काही वर्षे शिलकीची निघाली, काही तुटीची.

जुनी अरण्ये एकंदरीत साठवीतच राहतात, असे २००८ च्या एका मोठ्या अभ्यासाने सांगितले. तो आकडा फुगलेला आहे, असा आक्षेप २०२१ मध्ये आला. वार्षिक शिलकीविषयी वाद चालू राहील. परंतु मुद्दल शतकानुशतके साठलेले आहे. व्याजाच्या आशेने मुद्दल मोडण्याचा व्यवहार आपण घरीही करीत नाही.