फासेपारधी

फासेपारधी : फाशांनी पशुपक्षी पकडणारी महाराष्ट्रातील एक शिकारी जमात (पहा : पारधी). बीडसह मराठवाड्यात, सोलापूर भागात व विदर्भात तिची वस्ती आढळते. बोली गुजरातीला जवळची.

शिकवलेल्या बैलाच्या आडून सरकत तितर-लावे फाशात धरणे ही जमातीची जुनी हातोटी. तंटे जातपंचायत मिटवी.

ब्रिटिशांच्या 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची वाट उघडली. पुढे पारधीही त्यात सापडले. हे बंधन 1952 मध्ये उठले (पहा : विमुक्त जमाती). 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारंपरिक शिकारही बेकायदा ठरली. आज ही जमात अनुसूचित जमातींच्या यादीत असून अनेकजण शेतमजुरी करतात. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे पारधी मुलांच्या निवासी शिक्षणाचा प्रकल्प चालतो.