पियुषिकेची परीक्षा

वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी मेंदूच्या तळाशी, कवटीच्या खोबणीत असते. १९१४ साली हॅम्बर्गच्या मॉरिस सिमंड्स यांनी तिच्या ऱ्हासाचा विकार वर्णिला, तो शवविच्छेदनावरून. जिवंतपणी तो ओळखायचा कसा?

१९५९-६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी इन्सुलिन व प्रतिपिंडे वापरून रक्तातील अत्यल्प इन्सुलिन मोजले. याच रीतीने पुढे पियुषिकेची संप्रेरकेही मोजता येऊ लागली. यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन १९७२ मध्येच वारले होते.

आकडा हाती आला, पण त्याचा अर्थ? रजोनिवृत्तीनंतर बीजकोशांतील इस्ट्रोजेन घटते. त्याचा लगाम सुटल्याने पियुषिका एफएसएच भरपूर सोडते. म्हणून सत्तरीच्या स्त्रीच्या रक्तात ते कमी आढळले, तर पियुषिकेवर संशय येतो. मात्र ती न्यूमोनियाने अत्यवस्थ असेल, तर निव्वळ आजारानेही ते घटते आणि बरे वाटल्यावर पुन्हा वाढते. अशा वेळी ती तपासणी नंतर पुन्हा करणे शहाणपणाचे.

कॉर्टिसॉलचे तसे नाही. गंभीर आजारात ते वाढायला हवे. तेव्हाही ते फारच कमी असेल, तर थांबणे जिवावर बेतू शकते.