तुर्भ्याच्या तेलटाक्या : देखभालीच्या इतिहासाची एक बाजू

मराठीत ‘टाके’ आणि ‘टाकी’ हे शब्द एकाच घरातले असले, तरी त्या दोन वस्तूंचा स्वभाव भिन्न आहे. टाके खडकात खोदलेले असते. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत अशी पाण्याची टाकी पुष्कळ असून तेथील प्राकृत शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. टाके गाळाने भरते; त्याचा तळ गंजत नाही. (इंग्रजी ‘टँक’ हा शब्द आपल्याकडून गेला की पोर्तुगीज ‘तांके’वरून, हा वाद जुना आहे, त्यात येथे शिरावयाचे कारण नाही.) पोलादी टाकी जमिनीवर उभी असते आणि तिचा तळ जमिनीला टेकतो ती बाजू कोणासही दिसत नाही. प्रस्तुत टिपणाचा विषय ही दुसरी टाकी.

१९५१ साली भारत सरकारने स्टँडर्ड व्हॅक्यूम आणि बर्मा-शेल ह्या कंपन्यांशी करार केले. त्यांतून मुंबई उपनगरातील तुर्भे, म्हणजेच ट्रॉम्बे, येथे माहुल परिसरात १९५४ व १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. त्यांचा इतिहास सामान्यतः करारांचा आणि १९७४ व १९७६ मधील राष्ट्रीयीकरणाचा म्हणून सांगितला जातो. टाक्या टिकवल्या कशा, हा प्रश्न त्यात येत नाही.

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्याची दृष्टी मुख्यतः आगीवर होती : परवाना, टाक्यांमधील अंतर, भोवतालचा बांध. टाकीच्या वयाचा विचार उशिरा आला. जानेवारी १९८८ मध्ये पेनसिल्व्हेनियात अन्यत्रून आणून पुन्हा उभारलेली, सुमारे चाळीस वर्षांच्या जुन्या पोलादाची टाकी फुटून डिझेल नदीत गेले. १९९१ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने वापरातील टाक्यांच्या तपासणीसाठी ६५३ क्रमांकाची संहिता काढली. आपल्याकडे १९८६ मध्ये तेल उद्योग सुरक्षा संचालनालय स्थापन झाले. त्याची १२९ क्रमांकाची संहिता ह्याच विषयावर आहे. तोवर तुर्भ्याच्या कारखान्यांनी तिशी ओलांडली होती.

तळाला गंज दोन्ही बाजूंनी चढतो. तेलाखाली साठणारे पाणी वरून पत्रा खाते, तर पायातील ओल, आणि खाडीकाठी तिच्यातील क्षार, खालून. ही दुसरी झीज पाहावयाची तर टाकी रिकामी करावी लागते, गाळ काढावा लागतो, वाफ घालवावी लागते. मगच माणूस आत उतरतो. ध्वनितरंगांनी पत्र्याची जाडी मोजतात, चुंबकीय यंत्र तळावरून फिरवून खळगे हुडकतात, सांध्यांवर साबणाचे पाणी लावून वरून हवा ओढून घेतात व बुडबुडे पाहतात. ह्यासाठी टाकी दीर्घकाळ वापरातून काढावी लागते, आणि व्यवस्थापकाचा जीव तेथेच अडकतो.

छपराची गोष्ट अधिक बोधक आहे. तरंगते छप्पर तेलाबरोबर वरखाली होते. त्यावरचे पावसाचे पाणी नळाने बाहेर काढतात. अमेरिकन बांधणी-संहितेची अट अशी की, नळ तुंबले असतानाही २४ तासांत १० इंच, म्हणजे सुमारे २५० मिलिमीटर, पाऊस छपराने पेलावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यास त्याच दिवशी अवघा ७३. परदेशी मापाने बांधलेल्या टाकीचा निचरा मोकळा ठेवणे हे मुंबईत किरकोळ काम मानता येत नाही, असे माझे मत आहे.

वाफही आता केवळ आगीचा विषय राहिलेली नाही. माहुल-अंबापाड्याच्या रहिवाशांच्या तक्रारीवरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०२० मध्ये तेथील चार कंपन्यांना एकूण २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला.

६ ऑक्टोबर २०१७ रोजी जवाहर द्वीपावरील डिझेलची टाकी पेटली. वीज पडणे हे कारण सांगण्यात आले. ती आग वृत्तपत्रांतून संशोधकास सहज सापडेल. ज्या टाक्या वेळेवर रिकाम्या केल्या गेल्या, ज्यांचे पत्रे बदलले गेले, त्यांचा मागमूस केवळ तपासणीच्या नोंदींत राहतो. अशा नोंदी ठेवणे संहितांनी बंधनकारक केले आहे. उपनगरांच्या औद्योगिक इतिहासावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी करारांच्या मसुद्यांआधी त्या मागाव्यात.