श्वासनलिकेतून औषध देण्याचे साधन

हृदय बंद पडलेल्या रुग्णाची शीर मिळत नसेल, तर श्वासासाठी घातलेल्या नळीवाटे औषध फुप्फुसात पोहोचवणारे उपकरण. या नळीचे नाव एंडोट्रॅकियल ट्यूब. दवाखान्यात सगळे तिला ‘ईटी ट्यूब’ म्हणतात. ती तोंडातून किंवा नाकातून स्वरयंत्राच्या पलीकडे जाते आणि टोकाजवळच्या फुग्याने श्वासनलिकेत घट्ट बसते. तिचे मूळ काम ऑक्सिजन देण्याचे. औषधासाठी तिला बाजूची वाट, खास जोडणी किंवा फवारणीचे टोक दिले, की ती या नोंदीतले साधन होते.

हृदय थांबल्यावर रक्तदाब उरत नाही, हातापायांच्या शिरा चपट्या पडतात आणि सुई कितीही वेळा टोचली तरी लाइन लागत नाही. अशा वेळी ट्यूब मात्र बहुधा आधीच घातलेली असते. प्रौढाच्या फुप्फुसातील वायुकोश पसरले तर सुमारे 70 चौ. मी. जागा व्यापतील, आणि त्यांच्या भिंतीला अगदी लगटून केशवाहिन्या असतात. तिथे पोहोचलेले औषध रक्तात उतरते आणि थेट हृदयाच्या डाव्या बाजूला येते. श्वसनमार्गातून औषध रक्तात शोषले जाते हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी 1857 मध्ये कुरारी या विषाच्या प्रयोगातून दाखवले होते. हृदय थांबलेल्या कुत्र्यांमध्ये या मार्गाने दिलेले अ‍ॅड्रिनलिन काम करते, असे रेडिंग आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे पुनरुज्जीवनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हा मार्ग रूढ झाला.

सर्वांत साधी पद्धत म्हणजे ट्यूबला जोडलेली, हाताने दाबून हवा देण्याची अँबू बॅग काढायची, सिरिंजने औषध नळीच्या तोंडात सोडायचे आणि बॅग पुन्हा जोडून जोरात हवा द्यायची. हिच्यात दोन दोष आहेत. एक तर बराचसा भाग नळीच्या आतल्या भिंतीलाच चिकटून राहतो. दुसरे म्हणजे छातीवर दाब सुरू असेल, तर औषध नळीतून वर उसळून बाहेर येते. ते टाळायला दाब थांबवावा लागतो, आणि थांबलेला प्रत्येक क्षण मेंदूला महागात पडतो. म्हणून सक्शन कॅथेटर किंवा बारीक फीडिंग ट्यूब ईटी ट्यूबच्या टोकापलीकडे नेऊन तिच्यातून औषध सोडण्याची रीत आली. बॅग काढावी लागतेच, पण औषध वाटेत अडकत नाही.

बॅगही काढावी लागू नये म्हणून खास ट्यूब तयार झाल्या. त्यांच्या भिंतीतच एक बारीक वाहिनी असते. ती वरच्या बाजूला सिरिंज जोडण्याच्या तोंडाशी सुरू होते आणि ट्यूबच्या टोकाजवळ उघडते. जर्मनीतील रूश कंपनीची ‘एडगर’ ट्यूब याच घडणीची. दुसरा प्रकार जोडणीचा: ट्यूब आणि बॅग यांच्यामध्ये झाकण असलेले तोंड बसवतात व तिथून औषध देतात. तिसऱ्या प्रकारात बारीक नळीच्या टोकाला अनेक छिद्रे असतात. दाबाने सोडलेले औषध थेंबांऐवजी तुषार होऊन पसरते. कल्पना म्हणून हे प्रकार चोख आहेत. पण खोलवर किंवा फवारून दिल्याने परिणाम नक्की सुधारतो का, याबाबत प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत.

या मार्गाने सर्वच औषधे देता येत नाहीत. नालोक्सोन, अ‍ॅट्रोपिन, व्हॅसोप्रेसिन, एपिनेफ्रिन (म्हणजेच अ‍ॅड्रिनलिन) आणि लिडोकेन ही पाच चालतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नेव्हल’ असा शब्द करून विद्यार्थी ती पाठ करतात. सोडियम बायकार्बोनेट आणि कॅल्शियम मात्र कधीही या वाटेने देऊ नयेत. त्यांनी फुप्फुसाच्या ऊतींना इजा होते. प्रौढांसाठी मात्रा शिरेतल्या मात्रेच्या 2 ते 2.5 पट धरतात. अ‍ॅड्रिनलिन शिरेतून 1 मि.ग्रॅ., तर ट्यूबमधून 2 ते 2.5 मि.ग्रॅ., आणि तेही 5 ते 10 मि.लि. सलाइन किंवा निर्जंतुक पाण्यात मिसळून. पाण्यातून औषध अधिक चांगले शोषले जाते, पण फुप्फुसाला पाणी अधिक बाधते. औषध सोडण्याआधी ट्यूब श्वासनलिकेतच आहे याची खात्री हवी. ती अन्ननलिकेत गेली असेल, तर औषध पोटात जाऊन वाया जाते.

या साधनाची खरी मर्यादा नळीत नाही, फुप्फुसात आहे. छाती दाबून मिळणारा रक्तप्रवाह नेहमीच्या फार तर एक तृतीयांश असतो. म्हणजे वायुकोशापर्यंत पोहोचलेले औषध पुढे वाहून न्यायला पुरेसे रक्तच नसते. किती शोषले जाईल याचा भरवसा नाही, आणि थोडेसेच शोषले गेले तर अ‍ॅड्रिनलिन उलटे वागू शकते: रक्तवाहिन्या आकसण्याऐवजी सैल पडतात आणि हृदयाच्या स्नायूला मिळणारा रक्ताचा दाब आणखी उतरतो. उलट हृदय सुरू झाल्यावर फुप्फुसात साठून राहिलेले औषध सावकाश रक्तात येत राहते, आणि रक्तदाब व नाडी नको तेवढी चढते. नळीची घडण कितीही सुधारली तरी यातले काही बदलत नाही.

दरम्यान हाडाच्या मज्जेतून औषध देण्याची वाट सोपी झाली. नडगीच्या किंवा दंडाच्या वरच्या टोकाशी छोट्या ड्रिलने सुई बसवायला सराव असलेल्या हाताला मिनिटभरही लागत नाही, आणि मात्रा शिरेतलीच चालते. युरोपियन रिससिटेशन कौन्सिलने 2010 मध्ये श्वासनलिकेचा मार्ग शिफारशींतून काढून टाकला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने शीर व हाड दोन्ही मिळत नसतील तरच तो ठेवला. शिवाय ‘नेव्हल’मधील अ‍ॅट्रोपिन आणि व्हॅसोप्रेसिन हृदय थांबल्यावर नेहमी देण्याच्या औषधांतून पुढे वगळली गेली. प्रौढांपुरते हे साधन आता अखेरच्या पर्यायाच्या जागी आहे, आणि हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

नवजात बाळाची गोष्ट वेगळी. प्रसूतिगृहात बाळ श्वास घेत नाही, ठोके वाढत नाहीत, ट्यूब घातली आहे आणि नाभीच्या शिरेत कॅथेटर बसवायला काही मिनिटे लागणार आहेत. एवढ्या वेळात ट्यूबमधून अ‍ॅड्रिनलिनचा एक डोस देण्याची मुभा आजही आहे. मात्र 2006 मध्ये बार्बर आणि वायकॉफ यांनी अमेरिकेतून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्या वेळच्या कमी मात्रेत ट्यूबमधून औषध दिलेल्या 44 बाळांपैकी 14 बाळांचेच हृदय त्यावर सुरू झाले. उरलेल्या 30 पैकी 23 जणांचे शिरेतून औषध दिल्यावर. पुढे ट्यूबमधली मात्रा वाढवण्यात आली. आता शिरेतून 0.02 मि.ग्रॅ. प्रति किलो, तर ट्यूबमधून 0.1 मि.ग्रॅ. प्रति किलो सुचवतात. भारतात अ‍ॅड्रिनलिनच्या अँप्युलमध्ये 1 मि.लि.ला 1 मि.ग्रॅ. असते, बाळासाठी ते 9 मि.लि. सलाइनमध्ये मिसळून दसपट पातळ करावे लागते. त्या द्रावणाचे 3 किलोच्या बाळाला शिरेतून 0.6 मि.लि., तर ट्यूबमधून 3 मि.लि. लागतात. पाचपट मात्रेची सिरिंज चुकून शिरेत गेली, तर बाळाच्या जिवावर बेतेल. म्हणून ट्यूबसाठी मोठी आणि शिरेसाठी 1 मि.लि.ची अशा दोन वेगळ्या सिरिंज, त्यांवर ठळक चिठ्ठ्या लावून, ठेवाव्यात. ट्यूबमधल्या डोसने ठोके वाढले नाहीत, तर नाभीची शीर मिळताच पुढचा डोस तिथून द्यावा. नेहमीप्रमाणे 3 ते 5 मिनिटे थांबू नये.